वर्गणीची वही आधी मिटा

मागच्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता, येवल्याहून माझ्या भाचीचा फोन आला.

"मावशी, आमच्या शाळेत पालक-शिक्षक गट नीट सुरू करायचं आम्ही चार-पाच जणींनी ठरवलंय. सुरुवातीला साधारण किती पैसे जमवावे लागतील गं?"

"दोनशे पानी वही घे एक. पेन घरातलं चालेल," मी म्हटलं.

"मी सीरियसली विचारतेय."

मीही सीरियसलीच सांगत होते. पण तिचा विश्वास बसेना, आणि त्यात तिची चूक नाही. आपल्याकडे चार माणसं कुठल्याही कामासाठी एकत्र आली, की पहिल्यांदा पावती पुस्तक छापतात आणि खजिनदार नेमतात. गणपती असो, सोसायटीचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम असो नाहीतर शाळा. काम काय करायचं ते नंतर ठरतं. मीसुद्धा नेमकी तिथूनच सुरुवात केली होती आणि चांगलीच तोंडावर आपटले होते. ते तिला फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

गोष्ट २०१६ ची. नाशिकला सिडकोत आमच्या घराजवळ एक अनुदानित मराठी शाळा आहे. माझा मुलगा तेव्हा पाचवीत होता. वर्गात त्याच्या एका बाजूला अंबडच्या कंपनीतल्या इंजिनिअरचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला त्याच कंपनीत कंत्राटावर पॅकिंग करणाऱ्या बाईची मुलगी. मला ते फार आवडायचं. शाळेत पालक-शिक्षक संघ होता, म्हणजे कागदावर होता. वर्षातून एकदा सभा, हारतुरे, अध्यक्षीय भाषण, सह्या आणि वेफर्सची पुडी. मी बी.ए. झालेली, घरी असणारी, महिला मंडळात थोडंफार काम करणारी. मुख्याध्यापिका बाईंनी मला कार्यकारिणीत घेतलं आणि माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

पहिल्याच बैठकीत आम्ही सहा-सात जणींनी ठरवलं, की मुलांसाठी पाण्याचा मोठा फिल्टर घ्यायचा. प्रत्येक घरटी शंभर रुपये. ऐच्छिक. 'ऐच्छिक' हा शब्द मीच सुचवला होता, अधोरेखितही मीच केला. शंभर रुपये काय, एका पिझ्झ्यालासुद्धा पुरत नाहीत, असं आमच्यातली एक जण म्हणाली आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

वही वर्गावर्गांतून फिरली. पहिल्या आठवड्यात निम्मे पैसे जमले. मग जरा थंडावलं. वर्गशिक्षिकांनी मुलांना आठवण करून द्यावी, असं मीच सुचवलं. त्यांनी करून दिली, म्हणजे राहिलेल्यांची नावं वर्गात वाचून दाखवली. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांचं तरी काय चुकलं, आम्हीच यादी दिली होती ना.

पुढच्या पालकसभेला अकरा बायका आल्या. सगळ्या रो हाऊस आणि बंगल्यांतल्या. वस्तीतली एकही नाही. आम्ही काय म्हटलं असेल? "या लोकांना मुलांच्या शिक्षणाचं काही पडलेलंच नसतं." हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले आहे. आज लिहितानाही कानशिलं गरम होतात.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी भाजी घेत होते. समोरून सातवीतल्या एका मुलीची आई आली. चार घरी पोळ्या करते, दोन घरची धुणी-भांडी. एरवी भेटली की थांबून बोलणारी बाई, मला बघून तिने मान वळवली आणि दुसऱ्या गल्लीत शिरली. मीच मागे गेले, हाक मारली. ती थांबली आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "ताई, शंभर रुपये राहिलेत माझे, माहितीये मला. सात तारखेला पगार झाला की देते. पण पोरीचं नाव तेवढं वर्गात नका वाचू. आठ दिवस झाले, ती शाळेत जायचंच नाही म्हणतीये."

आठ दिवस! आणि आम्ही फिल्टर कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर भांडत होतो.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. राहिलेल्या नावांवर नजर फिरवली. सभेला न येणाऱ्यांची यादी आणि वर्गणी न दिलेल्यांची यादी, दोन्ही जवळजवळ एकच होती. पालक शाळेपासून लांब का राहतात, याचं उत्तर माझ्याच अक्षरात माझ्यापुढे होतं. शाळेचं बोलावणं म्हणजे काहीतरी मागणार, ही त्यांची समजूत आम्ही पक्की केली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन म्हटलं, सगळे पैसे परत करू. त्या आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला माहितीये ना, परत करायला किती त्रास होईल?" झाला. दोन दिवस लागले. काही पालकांनी आम्हाला वेड्यात काढलं. एक गृहस्थ म्हणाले, शंभराच्या जागी मी पाच हजार देतो, फक्त फिल्टरवर वडिलांचं नाव टाका. त्यांनाही नाही म्हटलं. हा वाद पुढे बरेच महिने चालला. आमच्यातल्या दोघी त्यावरून बाहेरही पडल्या, त्यातली एक माझी चांगली मैत्रीण होती. अजूनही आम्ही पूर्वीसारखं बोलत नाही.

नंतर मी कायदा वाचायला घेतला, तो खरं म्हणजे आधी वाचायला हवा होता. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं तिसरंच कलम म्हणतं, की ज्यामुळे मुलाचं प्राथमिक शिक्षण अडेल अशी कोणतीही फी वा खर्च त्याच्याकडून घेता येणार नाही. आठवीपर्यंतचं शिक्षण त्यात येतं. आमच्या शंभर रुपयांनी सातवीतल्या मुलीचं शिक्षण आठ दिवस अडवलं होतं. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. अनुदानित शाळेत मात्र ही समिती सल्ल्यापुरतीच, तशी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. शिवाय महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क नियमनाचा कायदा आहे. तो सांगतो, शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करा आणि कार्यकारिणीसाठी इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाका. म्हणजे बाईंनी मला 'घेतलं' तेही तसं बरोबर नव्हतं. मैत्रिणींनो, हे कायदे एकदा स्वतः वाचा. वकील लागत नाही. शाळेत जाऊन "आमच्याकडे चिठ्ठ्या कधी टाकतात हो?" एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं. मोठ्या फीच्या इंग्रजी शाळांत तर हा प्रश्न फारच महत्त्वाचा, कारण तिथे फीवाढीचा प्रस्ताव याच कार्यकारिणीपुढे येतो. पण तो वेगळा विषय आहे, आज नको.

जून २०१७ मध्ये आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी नियम एकच: सभेत पैशाचा विषय निघणार नाही. कोणी काढला तर त्याला थांबवायचं.

मग बाकी काय काय लागतं ते एकेक कळत गेलं.

पहिलं म्हणजे वेळ. आमच्या सभा शनिवारी सकाळी अकराला असायच्या. अकरा वाजता पोळ्यावाली बाई कोणाच्या तरी ओट्यापाशी उभी असते, माझ्यासुद्धा! तिला मीच सोडत नव्हते आणि सभेला का आली नाही म्हणून मीच नावं ठेवत होते. आम्ही पाच-सहा जणींना विचारलं, तुम्हाला कधी जमेल? दुपारी तीन ते चार, सगळ्यांनी एकच सांगितलं. सकाळची कामं उरकलेली, संध्याकाळची सुरू व्हायचीत. वडिलांचं गणित निराळं. फर्स्ट शिफ्टचा माणूस तीनला सुटतो, सेकंडचा तेव्हाच आत जातो आणि शिफ्ट आठवड्याला बदलते. म्हणून त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा रविवारी सकाळी.

दुसरं, जागा. शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या की पहिल्या दोन रांगा आमच्या आणि मागे भिंतीला टेकून त्या उभ्या. बाकीचं कोण बोलणार? आम्ही वस्तीतल्या देवळाच्या ओट्यावर बसायला लागलो. सतरंजी नाही, काही नाही. एक शिक्षिका आणि आम्ही दोघी-तिघी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्या बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. साधनं म्हणजे खडे, शिंपले, बिया, पानं. आमचं काम त्यापुढे काहीच नाही, पण ओट्यावर बसताना मला हमखास ते आठवायचं. आणि धीर यायचा.

तिसरं, चहा नाही. हसू नका. चहा म्हटला की पैसे आले, ते कोणी द्यायचे हा प्रश्न आला आणि सभा चालू असताना दोन बायका आत चहा करताहेत हे ओघानेच आलं. त्या दोघी कोण असणार हेही आपल्याला माहीत असतं. ज्याने त्याने आपली पाण्याची बाटली आणावी.

पहिल्या सभेला नऊ जणी आल्या. आम्ही एकच प्रश्न विचारला, "तुमच्या मुलीला शाळेत कशाची अडचण होते?" बराच वेळ कोणी बोललं नाही. अभ्यास, गृहपाठ, सरांचं ओरडणं, असं थोडं थोडं निघालं. उठायच्या वेळी एका बाईने हळूच सांगितलं, "मुलींच्या संडासाला कड्या नाहीत. माझी पोरगी दिवसभर पाणीच पीत नाही."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. सहा दारं, चारांना आतून कडी नाही. मुली दोघी-दोघींनी जायच्या, एक आत आणि एक बाहेरून दार ओढून धरायची. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुली! जिला पाळी आली असेल तिने काय करायचं? ती घरीच राहायची. आणि आम्ही वर्षभर पाण्याच्या फिल्टरच्या मागे लागलो होतो. जे पाणी मुली भीतीने पीतच नव्हत्या, ते गाळून द्यायला निघालो होतो.

रविवारच्या सभेत एका वडिलांनी हे ऐकलं, ते फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये कामाला. काही न बोलता निघून गेले. मला वाटलं, रागावले. पुढच्या रविवारी ड्रिल मशीन आणि वर्कशॉपमधल्या, मालकाला विचारून आणलेल्या जुन्या कड्या घेऊन हजर. दीड तासात चारही दारं झाली. शिपाईमामांनी वायर धरली, बाईंनी स्वतः उभं राहून एकेक दार लावून बघितलं. खर्च शून्य. त्या मुली सोमवारी एकमेकींना हाका मारून दार दाखवत होत्या, ते बघायला मी मुद्दाम थांबले होते.

आता इथे एक आक्षेप येतोच आणि तो मला मान्य आहे. कड्या बसवणं हे काय पालकांचं काम? संस्थेचं आहे. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही ही प्रत्येक मुख्याध्यापकांची रड असते, ती खरीही असते. पण पालक दर वेळी ड्रिल मशीन घेऊन गेले तर संस्थेला ते बरंच वाटेल. म्हणून आम्ही ठरवलं, मुलीच्या अब्रूचा, जिवाचा प्रश्न असेल तर लगेच हात लावायचा आणि बाकी सगळ्याला अर्ज. अर्जाला एक कागद लागतो. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घालून पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही, हे माझ्या सासऱ्यांनी शिकवलेलं. ते तहसील कचेरीत होते, त्यांना कागदाची ताकद माहीत होती. फाटकासमोर गतिरोधक हवा म्हणून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आम्ही चार अर्ज दिले, प्रत्येक अर्जाच्या मागे आधीच्या पोचेची झेरॉक्स लावून. २०१८ च्या दिवाळीनंतर गतिरोधक झाला. झेरॉक्सचे पैसे कोणी दिले ते विचारू नका, वीस रुपयांच्या आत होते.

शिक्षकांबद्दल लिहायलाच हवं, कारण या गटाच्या नावात ते आहेत आणि आपण त्यांना नेहमी समोरच्या पक्षात बसवतो. सुरुवातीला त्यांना भीती होती. पालक जमले म्हणजे तक्रारी होणार. त्यातून मतदार यादीचं काम त्यांच्याकडे, सर्वेक्षणं त्यांच्याकडे, ऑनलाइन माहिती भरणं त्यांच्याकडे. आणखी एक सभा कोणाला हवी? आम्ही त्यांना सांगितलं, सभेत कोणत्याही शिक्षकाचं नाव घेतलं जाणार नाही, ज्याची तक्रार त्याने बाईंच्या खोलीत जाऊन बोलावी. आणि त्यांनाही तोच प्रश्न विचारला, तुम्हाला कशाची अडचण होते? गणिताच्या सर म्हणाले, "पाचवीतल्या काही मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. उदाहरण कळत नाही म्हणून गणित चुकतं. अर्धा तास कोणी शेजारी बसून वाचून घेतलं तरी पुरे." एक निवृत्त आजोबा, मी आणि दहावी झालेली एक आई, असे आम्ही आठवड्यातून तीन दिवस बसायला लागलो. सगळ्या मुलांना आलं असं म्हणणार नाही. दोघं-तिघं तशीच राहिली. पण सर पालकसभेला स्वतःहून यायला लागले, आणि ओट्यावर मांडी घालून बसायला लागले.

बाकी लहानसहान बरंच झालं. शिवणकाम करणारी एक आई उसवलेले गणवेश शिवून द्यायची. मे महिन्यात आखूड झालेले गणवेश आणि दप्तरं एका खोलीत मांडायचो, ज्याला जे हवं ते त्याने न्यावं, कोणी दिलं आणि कोणी नेलं याची नोंद नाही. वही होती, पण तिच्यात तारीख, कोण आलं, काय अडलं आणि पुढच्या वेळेपर्यंत कोण काय बघणार, एवढंच. रुपयाचं चिन्ह त्या वहीत नाही.

मग पैसे कधीच नकोत का? तसं म्हणायचं नाही. ज्याला द्यायचं आहे त्याने वस्तू द्यावी, शाळेच्या नावाने द्यावी आणि भिंतीवर नाव मागू नये. २०१९ मध्ये फिल्टर अखेर आला, तो असाच. कोणी दिला ते बाईंना आणि मला माहीत आहे. पण हे तीन वर्षांनी, लोक शाळेत मोकळेपणाने यायला लागल्यावर. सुरुवातच पैशाने केली, की देणारा मालक होतो आणि न देणारा चोर. मग कितीही 'ऐच्छिक' म्हणा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा त्या वहीची किंमत कळली. आता अनेक शाळांत व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजेच पालक-शिक्षक गट, असं समजतात. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या आपोआप बाहेर. आमच्या वहीत मात्र कोणाच्या घरात फोन आहे, कोणाचा वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी सातनंतरच मुलांच्या हाती येतो, कोणाकडे अजिबात नाही, हे लिहिता आलं, कारण त्या बाया आम्हाला खरं सांगत होत्या. शिक्षकांनी त्या हिशेबाने काहींना सकाळी, काहींना रात्री अभ्यास पाठवला. फोन नसलेल्यांचे कागद किराणा दुकानात ठेवायचो.

आणि ती पोळ्यांची कामं करणारी बाई? ती पहिल्या सभेला आली नाही. दुसऱ्या, तिसऱ्यालाही नाही. मी दोनदा घरी जाऊन आले, तिने बसायला पाट दिला, चहा दिला आणि कामाचं निमित्त सांगितलं. मुलगी शाळेत यायला लागली होती, पण मला बघितलं की बाजूला व्हायची. जवळजवळ वर्षाने, २०१८ च्या पावसाळ्यात, आई एकदा ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. त्या दिवशी बोलली नाही. नंतर मात्र तिच्या गल्लीतल्या सगळ्यांना ती बोलावून आणायची, माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकायचे. शंभर रुपयांबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधीच बोललो नाही. मी माफी मागायला हवी होती, मागितली नाही. मुलगी दहावीला बसली ती २०२० मध्ये, भूगोलाचा पेपर रद्द झाला ती बॅच. पास झाली, पुढे कॉमर्सला गेली. पेढे द्यायला आली तेव्हा मी घरी नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, त्या ताईने तुला विचारलं होतं." एवढंच.

भाचीला मी वेळेचं वगैरे सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे दुपारी तीन नाही जमायचं. निम्म्या घरांत पैठणीचे माग आहेत, उजेड आहे तोवर बायका उठत नाहीत." म्हटलं, मग त्यांनाच विचार.

परवा तिचा पुन्हा फोन होता. संध्याकाळी साडेसहाला एका घराच्या पडवीत बसल्या होत्या, सात जणी आल्या. दोघी तर सभा संपत आल्यावर आल्या. शाळेच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे असते ते मुलींना माहीत नसतं, असं निघालं म्हणे. पुढच्या शुक्रवारी ती बाईंना भेटायला जाणार आहे. अर्ज लिहून ठेवलाय, दोन प्रतींत.